वणव्यानंतर कोयती उचलण्याआधी

वाचकाचं पत्र:

ताई, आमचं गाव राजापूर तालुक्यात. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सड्याच्या, म्हणजे कातळी माळाच्या, बाजूने वणवा आला आणि भर दुपारच्या वाऱ्यात आमच्या बागेतून वर निघून गेला. चार वर्षांची वेंगुर्ला-७ ची काजूकलमं, सासऱ्यांनी लावलेले हापूस, वरच्या कोपऱ्यातले जुने गावठी काजू, मांगराजवळचे तीन माड, केळी, सुरण, सगळ्यांतून आग गेली. नवरा मुंबईला नोकरीत, बाग मी आणि सासरे बघतो. लाकूड घेणारा एक व्यापारी दोनदा येऊन गेला. तो म्हणतो, यात काही राहिलं नाही, सगळं एकदम तोडून द्या, पावसाआधी पैसे सुटतील. शेजारी म्हणतात, काही करू नका, पाऊस पडला की सगळं आपोआप फुटेल. सासरे तर बागेकडे फिरकतच नाहीत. यातलं काय परत येईल आणि काय नाही? यंदाच्या पावसात नवीन लागवड करावी का?

उत्तर:

ताई, व्यापाऱ्याला सांगा, आत्ता एकही झाड द्यायचं नाही. त्यातही हापूस तर तुम्ही मनात आणलं तरी असे देऊन टाकता येणार नाहीत. आंबा आणि फणस महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय ते तोडता येत नाहीत. पंचनामा झाला नसेल तर तो आधी करून घ्या. तलाठी आणि कृषी सहायक यांना बागेत आणा, प्रत्येक झाडाचा फोटो बुंध्यासकट काढा, सातबाऱ्यावर आंबा-काजूची नोंद आहे का ते बघा. झाडं एकदा तोडली की तिथे काय होतं ते सांगायला काही उरत नाही.

आता शेजाऱ्यांच्या म्हणण्याविषयी. पाऊस पडला की सगळं फुटेल, हे अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्यावर विसंबून पुष्कळ लोक दोन-तीन वर्षं फुकट घालवतात. बाग पुन्हा हिरवी होईल, यात मला शंका नाही. पण त्या हिरव्यातलं तुमचं पीक किती आणि रान किती, ते वेगळं ओळखावं लागेल. ओळखायचं कसं, ते सविस्तर सांगते.

झाड मरतं ते बहुधा पानं जळाल्यामुळे नाही. सालीच्या आत, लाकडाला चिकटून एक पातळ जिवंत थर असतो. नवी साल आणि नवं लाकूड तोच तयार करतो. हा थर साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापला आणि मिनिटभर तसाच राहिला, की मरतो. ती उष्णता आत पोचू नये म्हणून झाडाकडे सालीशिवाय दुसरं काही नसतं. साल दुप्पट जाड असेल तर आतला थर तापायला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट वेळ लागतो. म्हणून एकाच आगीत मोठा हापूस तगतो आणि त्याच्या शेजारचं मनगटाएवढं कलम जातं. तुमच्या बागेतून गेली ती गवताची आग होती. ती भडकते मोठी, पण एका जागी फार वेळ थांबत नाही. जिथे बुंध्याशी वाळक्या पानांचा पातेरा साचला होता किंवा तोडलेल्या फांद्यांचा ढीग होता, तिथे मात्र ती धुमसत राहिली असणार. तशी झाडं आधी बघा.

जमिनीखालच्या पिकांची काळजी करू नका. माती उष्णता फार सावकाश आत घेते, गवताची आग गेली तर चार-पाच सेंटिमीटर खाली फारसा फरक पडत नाही. तुमचा सुरण तर फेब्रुवारीत पानं गाळून झोपलेलाच होता. पहिल्या पावसाबरोबर तो कोंब काढेल. कणगर, करांदे, हळद लावली असेल तर त्यांचंही तसंच. केळीचा जो खांब आपल्याला दिसतो तो पानांच्या देठांची गुंडाळी असते, खरं खोड म्हणजे खालचा गड्डा. जळके खांब जमिनीलगत कापून टाका, गड्ड्याला पाणी द्या. पिलं येतील, त्यांतली दोन जोमदार ठेवून बाकीची काढा. साधारण वर्षभरात घड हातात येईल. या बागेत सगळ्यात आधी खाण्याजोगं काही देणार ती केळच.

माडाचं गणित अगदी वेगळं. त्याच्या खोडात आंब्यासारखा सालीखालचा थर नसतो, अन्नपाणी वाहणाऱ्या नळ्या सगळ्या खोडभर विखुरलेल्या असतात. त्यामुळे बाहेरून खोड काळंठिक्कर पडलं तरी माड जगतो. पण त्याला वाढायची जागा एकच, शेंडा. तो गेला की माड गेला, बाजूने फुटवा येत नाही. माडावर चढणाऱ्या माणसाला वर पाठवा आणि मधलं न उमललेलं कोवळं पान हलकेच ओढून बघायला सांगा. ते घट्ट असेल, हिरवं असेल तर माड जिवंत आहे. खालच्या झावळ्या करपल्या असल्या तरी वर्ष-दीड वर्षात तो सावरेल, मधे नारळ कमी धरतील. ते पान सहज उपटून हातात आलं आणि बुडाशी कुजका वास आला, तर त्या माडावर आणखी खर्च करू नका.

आता हापूस. वणव्याला तीन-चार आठवडे होत आले, म्हणजे तपासायला हीच योग्य वेळ आहे. आग लागल्यावर लगेच तपासलं तर मेलेली सालही ओलसर दिसते आणि फसगत होते.

आधी लांबून बघा. ज्या फांद्यांनी करपलेली पानं गाळून टाकली आहेत, त्या जिवंत आहेत. पान गाळणं हे जिवंत फांदीचंच काम असतं, देठाशी पेशींचा एक थर तयार करून ती पान सोडून देते. ज्या फांद्यांवर तपकिरी पानं अजून लटकलेली आहेत, ओढली तरी सुटत नाहीत, त्या बहुतेक मेल्या आहेत. पाहणाऱ्याला उलटंच वाटतं. ओकीबोकी फांदी मेलेली वाटते आणि पानांची फांदी बरी वाटते. व्यापारीही तुम्हाला ओक्याबोक्या फांद्याच दाखवत असेल.

मग बुंध्याशी बसा. धारदार सुरीच्या टोकाने जमिनीपासून वीतभर वर सालीत नखाएवढी खाच घ्या. अशा चार खाचा, चारही बाजूंना. आत ओलसर, फिकट रंग दिसला तर तो भाग जिवंत. तपकिरी, कोरडा, आंबूस वासाचा असेल तर मेलेला. उताराच्या वरच्या अंगाला आणि वारा जिकडे वाहत होता त्या अंगाला जास्त नीट बघा. ज्वाळा बुंध्याला वळसा घालून त्या बाजूला उभ्या राहतात, शिवाय वरून घरंगळलेला पातेराही तिथेच अडकलेला असतो. समोरून ठीक दिसणारा आंबा मागून पार भाजलेला निघू शकतो.

एवढी खटपट कशाला, पालवी येते का ते बघूच की, असं तुम्हाला वाटेल. पण या एका गोष्टीसाठी मी हे उत्तर इतकं लांबवते आहे. बुंध्याची साल चारही बाजूंनी मेली असली तरी वर पालवी येऊ शकते. मुळांकडून पाणी वर जातं ते लाकडातून, आणि लाकूड शाबूत असतं. फांद्यांमध्ये साठवलेलं अन्न असतं. त्या जोरावर झाड छान तांबूस पालवी काढतं, घरचे सगळे खूश होतात. पानांनी केलेलं अन्न मात्र सालीतून खाली उतरतं, आणि ती वाट तुटलेली असते. मुळं उपाशी राहतात. पावसाळाभर झाड बरं दिसतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात किंवा पुढच्या उन्हाळ्यात अचानक सुकतं. मग लोक खताला, पाण्याला, नशिबाला दोष देतात. तेव्हा पालवी बघून आनंद करा, पण हिशोब बुंध्यावरून मांडा.

माझा ढोबळ नियम असा. घेराचा चौथा हिस्सा मेला असेल तर झाड स्वतःच सावरेल. निम्म्यापर्यंत मेला असेल तर झाड ठेवा, पण दोन वर्षं त्याच्याकडून उत्पन्नाची अपेक्षा धरू नका, पुढच्या हंगामात मोहर आला तर तोही खुडून टाका. पाऊण घेराच्या वर गेला असेल तर त्या जागी नवं कलम लावायची तयारी ठेवा. निम्मा ते पाऊण या मधल्या झाडांबाबत मी घाई करणार नाही. सासऱ्यांनी लावलेलं झाड आहे, एक पावसाळा त्याला द्यावा.

काजूकलमांची गोष्ट सगळ्यात नाजूक. चार वर्षांच्या काजूची साल पातळ असते, बरीचशी कलमं वरून गेलेली असणार. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आपल्याकडे आणला. तिथे सेर्राडो नावाच्या गवताळ माळरानावर त्याचा एक ठेंगणा भाऊबंद वाढतो. त्याचं बरंचसं खोड जमिनीखालीच असतं, त्यामुळे आग वरून गेली की तो खालून पुन्हा उभा राहतो. आपल्या बागेतल्या काजूला ती सोय नाही. तरी तोही बुंध्याशी फुटतो, आणि तुमची कलमं एप्रिल-मेपर्यंत खाली फुटलेली दिसतील.

फुटवा दिसला की प्रत्येक कलमाशी वाकून बघा, तो सांध्याच्या वर आला आहे की खाली. सांधा म्हणजे गावठी रोपाच्या खुंटावर जातिवंत काडी जोडली ती जागा. सांध्याच्या वरचा फुटवा म्हणजे तुमचा वेंगुर्ला-७. त्यातला सरळ, जोमदार एक ठेवा, पावसाच्या तोंडावर जळका दांडा त्याच्या थोडा वर तिरका कापा, त्याला काठीचा आधार द्या. सांध्याच्या खालचा फुटवा हा खुंटाचा, म्हणजे कुठल्यातरी गावठी बीचा. तो जोरात वाढतो, दिसतोही देखणा, आणि चार वर्षांनी लहानशा बिया देतो. वेंगुर्ला-७ ची बी साधारण १० ग्रॅमची असते, तिच्यासाठीच तर तुम्ही पैसे मोजले होते.

खालून फुटलेलं कलम उपटू मात्र नका. चार वर्षांची मुळं कातळाच्या फटी शोधून खाली गेलेली असतात, नव्या रोपाला तिथवर पोचायला तेवढीच वर्षं लागतील. खुंटाचे एक-दोन फुटवे वाढू द्या. ते पेन्सिलीएवढे जाड झाले की, जोराचा पाऊस ओसरल्यावर, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात त्यांच्यावर जागेवरच मृदुकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या फुटव्यावर काडी जोडून केलेलं कलम, बांधून घ्या. काडी खात्रीच्या वेंगुर्ला-७ वरून आणा. रोपवाटिकेत कलमं बांधणारी माणसं लांजा-राजापूरकडे आहेत, आधी बोलून ठेवा, त्या दिवसांत त्यांना सवड नसते. जी कलमं जूनच्या मध्यापर्यंत वर किंवा खाली कुठेच फुटली नाहीत, ती गेली असं धरा.

हापूसलाही हेच लागू. जुनी भेटकलमं असतील तर सांधा बराच वर असतो, त्याखालचे फुटवे रायवळचे. तो नेमका कुठे आहे हे तुमच्या सासऱ्यांइतकं कोणाला ठाऊक नसेल. त्यांना बागेत या म्हणू नका, सांधा दाखवायला या म्हणा. त्यांच्याशिवाय हे काम खरोखरच अडतं.

वरच्या कोपऱ्यातले गावठी काजू बियांपासून आलेले, त्यांना सांधाच नाही. कुठूनही फुटले तरी झाड तेच. बुंध्याशी आलेल्या फुटव्यांतले दोन-तीन चांगले ठेवा, पुढच्या वर्षी एक निवडा. किंवा, मन असेल तर, त्यांच्यावरही वेंगुर्ला-७ बांधून टाका.

जगणाऱ्या झाडांची काळजी फार खर्चाची नाही. पानांची सावली गेल्याने बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर आत्ता थेट ऊन पडतं आहे, भाजलेली साल त्याने आणखी तडकते. बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद लोखंडाच्या भांड्यात भिजवू नका, प्लॅस्टिकची बादली घ्या. वरच्या फांद्यांना नुसता चुना पुरे. पावसाआधी पेस्टचा आणखी एक हात द्या. पाणी थोडं द्या. पानं नसलेलं झाड फार पाणी ओढत नाही, आळं तुडुंब भरून ठेवलं तर मुळं कुजतात. काजूकलमांना आठवड्याला एक-दोन कळश्या पुष्कळ झाल्या.

युरिया आत्ता नको. आणि हापूसला यंदा कल्टार अजिबात नको. दरवर्षी जुलै-ऑगस्टात ते घालायची सवय असेल, पण ते वाढ रोखण्यासाठीच असतं, आणि भाजलेल्या झाडाला यंदा वाढच हवी आहे.

खरी राखण पुढे आहे. अशक्त झालेल्या आंब्याला भिरूड शोधून काढतो आणि काजूला रोठा, दोन्ही खोड पोखरणाऱ्या किडी. पावसाळाभर दर पंधरवड्याला बुंधे बघा. सालीवर भोक, त्यातून भुसा किंवा डिंक येताना दिसला की तारेने अळी ओढून काढा, भोकात काय घालायचं ते कृषी सहायकांना विचारा. पूर्ण मेलेला काजू बागेत उभा ठेवू नका, रोठा त्यात वाढून शेजारच्या झाडांवर जातो. आंब्याच्या मेलेल्या फांद्या मात्र पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरवा आणि कापावर पेस्ट लावा. ज्या आत्ताच पडायच्या बेतात आहेत तेवढ्या लगेच काढा, त्यांच्याखाली कोणी बसू नये. शिवाय सगळीकडे एकदम कोवळी पालवी आली की काजूवर रस शोषणारा ढेकण्या, आंब्यावर शेंडा पोखरणारी अळी, आणि चारी बाजूंनी वानर, मोकाट गुरं, तुमच्याकडे गवे येत असतील तर तेही. आसपासचं रान जळालेलं असताना त्यांना तुमच्याच बागेत हिरवं दिसणार. निदान काजूकलमांना काट्यांचं कुंपण करा.

राखेविषयीही लोक तुम्हाला सांगतील की जमीन सोन्यासारखी झाली. सह्याद्रीच्या उतारांवर पूर्वी कुमरी करत, रान तोडून जाळायचं आणि राखेत नाचणी-वरी पेरायची. एक-दोन वर्षं पीक जोमात यायचं, मग ती जागा पुष्कळ वर्षं सोडून द्यावी लागायची. राखेत पालाश आणि चुना असतो, आपल्या आंबट जांभ्या मातीला तो मानवतोही. पण नत्र धुरातून निघून गेलेला असतो आणि राख स्वतःही जागेवर राहत नाही. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, जूनच्या पहिल्या चार सरींत उतारावरची राख आणि तिच्याबरोबर वरची माती ओढ्याला जाऊन मिळेल. यंदा धरून ठेवायची आहे ती ही माती. मे महिन्यात उताराला आडवे चर मारा, जळक्या फांद्या आणि दगड आडवे रचून छोटे बांध घाला. पाऊस लागताच झाडांच्या मधल्या जागेत ताग, चवळी किंवा धैंचा पेरा. चवळी खायलाही होते. राख गोळा करून एखाद्याच झाडाच्या आळ्यात ओतू नका, आणि शेणखतात किंवा युरियात मिसळू नका, तसं केलं तर खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

तुमचा शेवटचा प्रश्न, यंदा नवीन लागवड करावी का. काजूची करू नका. जुलैपर्यंत कुठलं कलम वर फुटलं, कुठलं खाली, कुठलं गेलं, हे प्रत्येकाला रंगीत चिंधी बांधून नोंदवा. सप्टेंबरात बांधणी करा. ज्या जागा खरोखर रिकाम्या राहतील तिथे पुढच्या मे महिन्यात ६० सेंटिमीटरचे खड्डे घेऊन ठेवा आणि पाऊस लागला की कलमं लावा. यंदाचे पैसे कुंपणाला, चरांना आणि कलमं बांधणाऱ्याच्या मजुरीला राखून ठेवा. सुरण आणि केळी मात्र यंदा हवी तेवढी वाढवा, पुढची दोन वर्षं घरखर्चाला तीच हातभार लावतील.

आणि नोव्हेंबर-डिसेंबरात बेणणी, म्हणजे बागेतलं गवत-झुडूप काढणं, झाली की सड्याच्या बाजूला किमान तीन-चार मीटर रुंद जाळरेषा काढा, गवत मुळापर्यंत साफ. तुम्ही एकट्याने ती काढून उपयोग नाही, वरच्या आणि खालच्या बागवाल्यांनाही बरोबर घ्या, कारण वणवा गडगा बघून थांबत नाही. भाजावळीच्या, म्हणजे भातरोपांसाठी जमीन भाजण्याच्या, दिवसांत कोण कधी पेटवणार आहे ते आधी एकमेकांना सांगायचं, दुपारच्या वाऱ्यात कोणी पेटवायचं नाही, एवढं वाडीने ठरवलं तरी पुष्कळ आगी टळतात. झाडांच्या आळ्यात उन्हाळ्यासाठी गवताचं आच्छादन घालत असाल तर ते जानेवारीनंतर बुंध्यापासून हातभर लांब ठेवा आणि वरून मातीचा थर पसरा. ओल टिकेल, आणि आग आलीच तरी बुंध्याला चिकटून धुमसणार नाही.

जुलैत चिंध्या बांधून झाल्या की मला पुन्हा लिहा. सांध्यांचे जवळून काढलेले फोटो पाठवा. कुठला फुटवा ठेवायचा, कुठला काढायचा, ते आपण एकेक कलम बघून ठरवू.